हळद लागलेली गाडी

हळदीचा डबा उघडला की माणसाला लग्नकार्य आठवतं, पूजा आठवते, निदान खोकला तरी आठवतो. मला मोटारगाडीचा रेडिएटर आठवतो, आणि रेडिएटरच्या पाठोपाठ यमुनाताई. सुनेला हे सांगितलं तेव्हा तिनं नुसतं 'हो का' म्हटलं आणि माझ्या नातीकडे बघून डोळे मोठे केले. म्हातारीचं डोकं गेलं, असा त्याचा अर्थ. गेलेलं नाही. लिहूनच ठेवते, म्हणजे कुणाला शंका नको.

यमुनाताई आमच्या शेजारीण. मुरबाडच्या बाहेर, शहापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची दोन घरं लागून आहेत. मध्ये कुंपण म्हणून अडुळशाची रांग. ती त्यांनीच लावली; कुंपणही झालं आणि दोन्ही घरांच्या काढ्याचीही सोय झाली. नोकरीत त्या नर्स होत्या. शेणव्याच्या बाजूच्या पाड्यांवर जवळजवळ तीस वर्षं पायी हिंडल्या. 'सिस्टर' हे नाव त्यांना इतकं घट्ट चिकटलेलं की सख्खा दीरसुद्धा त्यांना 'सिस्टर' म्हणायचा आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटायचं नाही.

उंची बेताची. चेहरा असा की गर्दीत पुन्हा सापडू नये. हात मात्र मोठे, एखाद्या पैलवानाचे काढून यांना बसवल्यासारखे, आणि सदा धुतलेले. कुठल्याही कामाआधी कोपरापर्यंत हात धुवायचे, ही सवय नोकरी संपली तरी गेली नाही. पेपर वाचायच्या आधीही त्या हात धुवायच्या. मी एकदा हसले तर म्हणाल्या, "बातम्या घाण असतात, माझे हात तरी चांगले असूदे."

आमची पहिली भेट माझ्या अब्रूला धरून झाली नाही. मी चोवीस वर्षांची, कल्याणची, शेणव्याजवळच्या एका पाड्यावरच्या शाळेत नवी शिक्षिका. इस्त्रीची साडी, फुलाफुलांची छत्री, आणि आपण इथल्या लेकरांचा उद्धार करायला आलो आहोत अशी पक्की समजूत. एक दिवस सिस्टर मुलांना लस टोचायला आल्या. मी मुलांना रांगेत उभं केलं आणि धैर्यावर छोटंसं भाषण दिलं. पहिल्या मुलाच्या दंडात सुई गेली. मुलगा नुसता उभा राहिला. मी आडवी झाले.

शुद्धीवर आले तर सगळी शाळा माझ्याभोवती, आणि टोचून झालेला तोच मुलगा मला माझ्याच छत्रीनं वारा घालत होता. सिस्टरनी मला बखोटीला धरून उठवलं, बाहेर नेऊन बसवलं आणि म्हणाल्या, "घाबरायचं तर व्हरांड्यात घाबरायचं, बाई. खोलीत नाय." एवढं बोलून आत गेल्या आणि उरलेल्या मुलांना टोचून आल्या.

हे वाक्य पुढे मी त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं. घाबरू नका, असं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. घाबरण्याला त्यांची ना नव्हती. फक्त जागा ठरलेली होती.

पुढे माझी बदली मुरबाडला झाली. त्यांनी घर बांधायला घेतलं होतं, शेजारचा तुकडा रिकामा आहे म्हणून आम्हाला कळवलं आणि अशा रीतीनं मी जन्माची त्यांच्या नजरेखाली आले.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. शाल आणि नारळ घेऊन घरी आल्या, शाल कपाटात ठेवली, नारळ मला दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालवायला शिकायला गेल्या. गुरू म्हणजे बाळू. मुरबाड-कल्याण जीप चालवणारा, त्यांच्याच हातावर जन्मलेला. त्यामुळे त्याला ओरडायची सोय नव्हती. भाताची कापणी झालेल्या मोकळ्या शेतात तो त्यांना फिरवायचा. आठ दिवसांत त्यांनी दोन बांध फोडले आणि तिसऱ्यावर गाडी चढवून ठेवली. मग एक दिवस त्यांना गोष्ट उमगली. संध्याकाळी मला सांगत होत्या, "क्लच म्हंजे बाळाचं डोकं गो. बाहेर येताना हात सोडायचा नाय आणि दाबायचा पण नाय. बाळूला एवढं सांगता येत नव्हतं, उगाच 'हाफ क्लच, हाफ क्लच' करत होता."

त्यांनी एक जुनी पांढरी छोटी गाडी घेतली. दर मंगळवारी ती घेऊन त्या आपल्या जुन्या पाड्यांवर जायच्या. सरकारी काम नव्हे, हौस. कुणाचा रक्तदाब बघ, कुणा गरोदर बाईला तपासणीला शहापूरला ने, कुण्या म्हातारीजवळ नुसतं बस. येताना डिकीत करवंदं, कंदमुळं, रानभाज्या, एकदा तर जिवंत कोंबडा. तो आमच्या घरी राहिला आणि म्हातारा होऊन मेला, कारण कापायचं धैर्य माझ्यात नव्हतं आणि सिस्टर म्हणाल्या, मी फक्त जगवायचं शिकलेय.

त्यांचा मुलगा सुनील नाशिकला नोकरीला. गुणी मुलगा, पण काळजीनं पोखरलेला. एका उन्हाळ्यात गाडी पाड्याच्या वाटेवर बंद पडली, फोनला रेंज नाही, आणि सहासष्ट वर्षांच्या यमुनाताई भर दुपारी सात किलोमीटर चालत रस्त्याला आल्या. चार दिवस अंथरुणात होत्या. सुनील आला, उशाशी बसला आणि म्हणाला, "आई, आता पुढच्या वेळी गाडी बंद पडली की मी विकणार. बोल, कबूल?"

"कबूल," त्या म्हणाल्या.

त्यांचं 'कबूल' म्हणजे कबूल असायचं. सुनीलला ते ठाऊक होतं, म्हणूनच त्यानं म्हणवून घेतलं होतं. गाडी गेली की मंगळवार गेले. पाड्यांवर एसटी जात नाही, आणि त्या गुडघ्यांनी आता डोंगर चढवत नव्हता. पाड्यावरच्या त्या म्हाताऱ्यांचं आणि यांचं जाणंयेणं त्या एका किल्लीवर टांगलेलं होतं. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असूनही मी जे केलं ते आता सांगते.

मी तेव्हा एकोणसाठ वर्षांची, म्हणजे अगदीच पोर. नुकतीच निवृत्त झालेली, हातात वेळ आणि डोक्यात उत्साह, हे फार वाईट मिश्रण असतं. त्या वर्षी पावसाळा संपल्यावर सिस्टरच्या गाडीखाली हिरवे थेंब दिसायला लागले. त्यांनी खाली वाकून बघितलं, बोटावर घेऊन वास घेतला आणि म्हणाल्या, "रेडिएटर पाझरतोय. शनिवारी बघू. तवर पाणी घालून चालवते." आणि त्या एका बारशाला निघून गेल्या.

मला राहवेना. रस्त्यावर बाळूची जीप उभी होती. त्याला विचारलं तर म्हणाला, "चमचाभर हळद टाका बाई, पाण्याबरोबर फिरते आणि भोक बुजवते. आमी घाटात तेच करतो."

आता चमचाभर म्हणजे किती? त्यानं चहाचा चमचा म्हटलं असणार. पण मी जन्मभर स्वयंपाक अंदाजानं केलेला. एवढी मोठी गाडी, चार माणसं बसणारी. मी एक वाटी घेतली. वाटी भरून, वर शीग. बॉनेट उघडून, झाकण काढून, घरची दळलेली उत्तम हळद मी त्या रेडिएटरमध्ये ओतली आणि वर तांब्याभर पाणी घालून झाकण लावलं. थेंब थांबले. मी इतकी खूश झाले की घरी येऊन शिरा केला.

मंगळवारी सकाळी सिस्टर नेहमीप्रमाणे निघाल्या. तासाभरानं बाळूच्या जीपला दोरखंडानं बांधलेली त्यांची गाडी परत आली. पुढच्या जाळीतून पिवळं पाणी ठिबकत होतं, पांढऱ्या बंपरवर पिवळे ओघळ. सिस्टर खाली उतरल्या. हात धुतले. गाडी गार होईपर्यंत ओट्यावर बसून राहिल्या, मग झाकण उघडलं आणि आत बघितलं. बराच वेळ बघितलं.

"बाई," मला हाक मारली, "किती घातलीस गो?"

"वाटीभर."

"कोणती वाटी?"

"आमटीची."

त्या गाडीकडे वळून म्हणाल्या, "हळद तर लागली. आता लग्न लावायलाच पायजे."

मी रडायच्या बेतात होते. गाडी बंद पडली होती, सुनील रविवारी यायचा होता, आणि शब्द दिलेला होता. मी म्हटलं, "ताई, त्याला सांगूच नका. गॅरेजवाल्याला बोलावू, गुपचूप करून घेऊ."

"गॅरेजवाला सुनीलच्या वर्गातला. तो बॉनेट उघडायच्या आधी नाशिकला फोन लावील." त्यांनी बॉनेट खाली लावलं. "आणि लपवायचं नाय. पण रोगी बरा झाल्यावर नातेवाइकांना सांगितलं की ते नीट ऐकतात. रोगी आडवा असताना सांगितलं की नुसते ओरडतात. रवीवारपर्यंत घरीच बदलू."

"घरी? कोण?"

"मी. आणि हळद लावणारी करवली."

त्यानंतरचे दोन दिवस त्या ओट्यावर बसून मोबाइलवर व्हिडिओ बघत होत्या. कुणी एक माणूस कुठल्याशा दक्षिणी भाषेत रेडिएटर काढत होता. मी विचारलं, काय बोलतो कळतंय का? म्हणाल्या, "बोलतो त्याचं नाय कळत. हातांचं कळतंय." तोच व्हिडिओ त्यांनी निदान दहा वेळा पाहिला, आणि प्रत्येक वेळी कुठला स्क्रू आधी निघतो ते वहीत लिहिलं.

गुरुवारी जुना रेडिएटर निघाला. मी तो सोहळा कधी विसरणार नाही. सिस्टरनी नोकरीतला जुना पांढरा कोट घातला. खालची नळी सोडून सगळं पिवळं पाणी टबात घेतलं. त्या पाण्यात मिसळलेल्या हिरव्या कूलंटला गोड चव असते आणि ते विषारी असतं, म्हणून आधी त्यांच्या कुत्र्याला आमच्या घरी कोंडायला लावलं. घराचं रक्षण करायची जबाबदारी त्यामुळे मांजरावर आली. काढलेला प्रत्येक स्क्रू स्टीलच्या त्या वाकड्या ट्रेमध्ये, दवाखान्यात जखम धुताना धरतात त्यात, आणि प्रत्येकाला जखमेची चिकटपट्टी गुंडाळून वर पेनानं खूण: पंखा डावा, पंखा उजवा, वरची पट्टी. माझं काम फक्त ट्रे धरायचं. तो मी दोनदा पाडला.

रेडिएटर बाहेर आला तेव्हा त्याच्या नळ्यांतून हळदीचा लगदा निघाला. खरवडला तर वडीसारखे तुकडे पडले. सिस्टर म्हणाल्या, "बाळूची चमचाभर असती तर चार दिवस चालली असती. तू आख्ख्या गावजेवणाची घातलीस." मग नळ लावून इंजिनातून स्वच्छ पाणी जाऊ दिलं. पुन्हा, पुन्हा. पिवळं, फिकट पिवळं, ताकासारखं, आणि दुपार कलल्यावर पाण्यासारखं पाणी.

आता नवा आणायचा. सिस्टरनी जुना रेडिएटर वर्तमानपत्रावर ठेवून त्याचा कागद कापला, ब्लाउजचा बेततात तसा. भोकं होती तिथे भोकं पाडली, नळ्या होत्या तिथे गोल काढले, तो घडी करून माझ्या हातात दिला. "कल्याणला जा, ह्या मापाचा आण. मी हितं नळ्या साफ करते."

शुक्रवारी मी सकाळच्या जीपनं कल्याणला गेले. दुकानात पोचले आणि सिस्टरचा फोन आला. आवाज तुटत होता. मला एवढंच ऐकू आलं: "लोकल आण... ऐकलंस का... लोकलच." आणि फोन बंद.

मी विचार केला, लोकल आण म्हणजे लोकलनं आण. केवढी दूरदृष्टी. जीपमध्ये हादरे बसतात, रेडिएटरच्या त्या पातळ पत्र्या वाकतील. रेल्वे कशी सरळ जाते. अशा रीतीनं स्वतःलाच पटवून मी दुकानदाराकडे वळले. त्यानं कागद पसरला, मापं घेतली, आत जाऊन दोन खोकी बघितली आणि विचारलं, "मॅडम, लोकल चलेगा?"

"हां हां," मी म्हटलं, "लोकल से ही जाऊंगी."

तो माझ्याकडे बघत राहिला. "मतलब लोकल ही दूँ?"

"आप सामान दो ना. जाना मेरे को है."

त्यानं एक खोकं दिलं आणि मी ते छातीशी धरून कल्याण स्टेशनवर गेले. नकाशा ज्याला माहीत आहे त्यानं आता हसायला हरकत नाही. मुरबाडला रेल्वे नाही. मी लोकलनं आसनगावला उतरले, तिथून रिक्षानं शहापूर, शहापूरला दोन तास एसटीची वाट, आणि मग त्या गचके देणाऱ्या रस्त्यानं मुरबाड. कल्याणहून जीपनं दुपारच्या जेवणाला घरी आले असते, ती दिवे लागायच्या वेळी पोचले. रेडिएटर मांडीवर, माझ्या मांडीला मुंग्या, आणि चेहऱ्यावर कर्तव्य केल्याचं तेज.

यमुनाताई रस्त्यावर येऊन उभ्या होत्या. "कुठं होतीस? अपघात झाला की काय म्हून बाळूला बघायला पाठवला."

"तुम्हीच म्हणालात ना लोकलनं आण."

त्यांनी खोकं उघडलं, रेडिएटर फिरवून बघितला. कुठल्या बड्या कंपनीचा शिक्का नव्हता. मग माझ्याकडे बघितलं आणि त्या मोठ्या हातांनी तोंड झाकून खाली बसल्या. मला वाटलं चक्कर आली. त्या हसत होत्या. "अगो, लोकल म्हंजे कंपनीचा नाय तो. साधा, छोट्या कारखान्यातला. गाडी म्हातारी, तिला कशाला ओरिजिनल?"

म्हणजे वस्तू बरोबर आली होती. दुकानदार एका लोकलबद्दल बोलत होता, मी दुसऱ्या, आणि दोघांचंही खरं झालं होतं. ही गोष्ट यमुनाताईंनी पुढे पाड्यापाड्यांवर सांगितली. आजही त्या बाजूला गेलं की एखादी म्हातारी मला विचारते, बाई, लोकलनं आलीस काय?

शनिवारी सकाळी नवा बसवायला घेतला. लोकलची एक खोड असते, तो सगळीकडे जवळजवळ बसतो. खालचे दोन पाय बसले, नळ्या बसल्या, पण वरच्या पट्टीचं भोक नखभर बाजूला. सिस्टरनी ओरडाआरडा केला नाही. कानस घेतली, बसून हळूहळू भोक मोठं केलं. मग पाय हलत होते, कारण त्यांच्याखालचं रबर जुन्या रेडिएटरबरोबर कुजून गेलं होतं. त्यांनी आजूबाजूला बघितलं. त्यांची नजर माझ्या पायांवर थांबली.

"नवी आहे ती," मी म्हटलं.

"म्हून तर. जुनीचं रबर मऊ पडतं."

माझ्या उजव्या निळ्या स्लिपरच्या टाचेचे दोन गोल कापले गेले. मी उरलेला दिवस एका पायानं उंच, एका पायानं ठेंगणी अशी वावरले.

दुपारी सगळं जुळलं. अंगणाच्या चढावर गाडीचं तोंड वर करून त्यांनी ती आधीच उभी करून ठेवली होती. हिरवं पाणी भरलं, झाकण उघडंच ठेवलं, इंजिन सुरू केलं. मी आत बसून तापमानाचा काटा बघायचा आणि ओरडून सांगायचं, असं ठरलं. काटा वर चढला. मध्यावर आला. मध्य ओलांडला. तांबड्या पट्टीकडे सरकायला लागला, आणि मी जे सांगायचं ते न सांगता गाडीतून उडी मारून थेट व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. तिथून ओरडले, "ताई, पेटेल ती."

यमुनाताईंनी आत हात घालून चावी फिरवली. इंजिन बंद झालं. मग ओट्यावर बसल्या. पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली. त्या गाडीकडे बघत नव्हत्या, शेणव्याच्या दिशेला बघत होत्या. तिथे एक कमल होती, आशा वर्कर, तिनं त्या आठवड्यात दोनदा फोन केला होता की एका पोरीला सातवा लागलाय, अंगावर सूज आहे, मंगळवारी याल ना. 

गाडी पूर्ण गार होईपर्यंत त्या तशाच बसल्या. मग एकदम म्हणाल्या, "बाळाला पाजलं आणि तसंच निजवलं तर काय होतं?"

"ओकतं," मी म्हटलं. "ढेकर काढावा लागतो."

"मग हिचा कोण काढणार?"

उठल्या, हात धुतले. इंजिन सुरू केलं, आणि वरची जाड नळी दोन्ही हातांत धरून हलक्या दाबानं दाबायला, सोडायला लागल्या. पाठ थोपटावी तसं. उघड्या तोंडातून एक बुडबुडा आला. मग दोन. मग भला मोठा एक, आवाज करून, आणि आतलं पाणी झपकन खाली गेलं. "आली हवा," त्या म्हणाल्या, "घाल पाणी." मी घातलं. त्या दाबत राहिल्या. इंजिनाच्या पोटात अडकलेली हवा अर्धा तास येत राहिली आणि दर बुडबुड्याला सिस्टर "शाबास" म्हणत राहिल्या. शेवटी पुढचा पंखा आपला आपण फिरायला लागला, थोड्या वेळानं आपला आपण थांबला, आणि काटा मध्यावर येऊन तिथेच बसला. आम्ही दोघी त्याच्याकडे नवजात बाळाकडे बघावं तशा बघत होतो. झाकण लागलं.

रविवारी सुनील आला. चहा पिऊन व्हायच्या आधी यमुनाताईंनी त्याला ओट्यावर नेलं. तिथे त्यांनी जुना रेडिएटर कागदावर मांडून ठेवला होता, पिवळ्या वड्यांसकट. "सुनील, मंगळवारी गाडी रस्त्यात थांबली. बाळूनं ओढून आणली. मग मी नवा रेडिएटर बसवला. तुला सांगायचं होतं ते हे."

त्यानं एक वडी उचलून बघितली. मग हळूच म्हणाला, "आई, आपलं ठरलं होतं. बंद पडली की विकायची."

"ठरलं होतं," त्या म्हणाल्या. वाद नाही, रडणं नाही.

मी अडुळशाच्या रांगेमागे कान देऊन उभी होते. आजवर घाबरल्यावर मी बाहेर पळत आले. त्या दिवशी आत गेले. एका टाचेनं ठेंगणी अशी त्याच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "सुनील, गाडी बंद पडली नाही. मी बंद पाडली. वाटीभर हळद घातली. तुझ्या आईनं शब्द पडण्याचा दिला होता, पाडण्याचा नाही."

माझं मराठी मी तीस वर्षं मुलांना शिकवलं. त्याचा इतका उपयोग आधी कधी झाला नव्हता.

सुनीलनं खिळ्यावरची किल्ली काढली आणि स्वतःच्या खिशात टाकली. "चला," म्हणाला. "तुम्हीपण, काकू."

त्यानं गाडी शेणव्याच्या रस्त्याला घेतली. भर दुपार, एसी चालू, चढावर मुद्दाम खालच्या गिअरमध्ये. मी मागच्या सीटवर पाण्याचा कॅन पायांत धरून दोन सीटांच्या फटीतून काट्याकडे बघत होते. यमुनाताई डावीकडे सरळ बसलेल्या, मांडीवर हात. चढ संपला तिथे त्यानं आंब्याखाली गाडी थांबवली, बॉनेट उघडलं, कोरड्या जमिनीवर गुडघे टेकून खालून बघितलं. थेंब नव्हता. वरची पट्टी हलवून बघितली. मग त्याचं बोट त्या निळ्या रबरावर थांबलं.

"हे काय आहे?"

"चप्पल," यमुनाताई म्हणाल्या. "बाईंची."

त्यानं माझ्या पायांकडे बघितलं. फेरी मारून डाव्या बाजूला आला आणि दार उघडून म्हणाला, "आई, सरक. येताना तू चालव."

त्या पलीकडे बसल्या. गाडी निघाली. पहिली काही वळणं त्याचा हात दाराच्या मुठीवर आवळलेला होता. मग तो सैल पडला. फाट्यापर्यंत आलो तेव्हा सुनीलची मान एका बाजूला कलली होती आणि तो घोरत होता. यमुनाताईंनी आरशातून मला बघितलं आणि तोंडावर बोट ठेवलं. किल्लीचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. मंगळवारी त्या शेणव्याला गेल्या. कमलनं सांगितलेल्या त्या पोरीला शहापूरला दाखल केलं. तिला मुलगी झाली. ती आता शाळेत जाते.

नंतर आठ वर्षं त्यांनी ती गाडी चालवली. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की संध्याकाळचा रस्ता आता तुम्हाला नीट दिसणार नाही, दिवसाचाही फार दिवस दिसणार नाही. त्या घरी आल्या, गाडी धुतली, आणि कुणी काही म्हणायच्या आधी कमलला बोलावून घेतलं. त्या हिवाळ्यात कापलेल्या शेतात पुन्हा एक पांढरी गाडी गोल गोल फिरली. कमलनं चार बांध फोडले. सुनीलला फोन करून त्यांनी एवढंच सांगितलं, गाडी कमलच्या नावावर करून दे. त्यानं केली.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या सुनीलकडे राहायला निघाल्या त्या सकाळी. पुढच्या वर्षी नाशिकलाच त्या वारल्या. कमल त्यांना शहापूरपर्यंत सोडणार होती, तिथून सुनील घेणार होता. यमुनाताई डाव्या सीटवर बसल्या आणि पट्टा शोधायला उजव्या खांद्यामागे हात नेला. तिथे नव्हता. हात थोडा वेळ हवेत राहिला. कमलनं डावीकडून पट्टा ओढून त्यांना लावला. मग घाईत तिनं क्लच सोडला आणि गाडी गचकून बंद झाली. कमलनं घाबरून त्यांच्याकडे बघितलं. यमुनाताईंनी मुद्दाम मान खिडकीकडे वळवली, जणू काही झालंच नाही, आणि रस्त्यापलीकडच्या शेताकडे बघत राहिल्या. कमलनं दुसऱ्यांदा सुरू केली. ह्या वेळी क्लच हळू सोडला.

गाडी रस्त्याला लागली. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. मला त्यांचा फक्त डावा कोपर दिसत होता, खिडकीवर टेकलेला, सैल. सोळा वर्षं त्या ह्या रस्त्यानं गेल्या-आल्या, पण बाजूची शेतं बघत जायला त्यांना त्या दिवशीच मिळालं.